पळसाच्या पानांचं माणूस

पंचवटी, नाशिक
ता. ३ नोव्हेंबर १९९६

सा. न. वि. वि.

वर मायना लिहिलेला नाही, तो विसरले म्हणून नव्हे. जागा मुद्दाम कोरी सोडली आहे. नवऱ्याला लिहितात तसं लिहावं तर माझं कपाळ आडवं येतं, आणि 'कै.' लिहावं तर तुमचं धडधडीत पत्र समोर पडलंय. सुचेल तेव्हा भरीन.

इकडे सर्व क्षेम. दिवाळी आठवड्यावर आली, भाजणी कालच दळून आणली. गंगेला पाणी बेताचं आहे. जयरामकडं यजमानांची गर्दी असते. जयराम म्हणजे तुमच्या मोठ्या भावाचा मुलगा, तुम्ही गेलात तेव्हा रांगत होता. आता घरचं उपाध्येपण तोच चालवतो. त्याची मुलगी तेजश्री कॉलेजात आहे, आणि तुमच्याबद्दल मला जे काही कळतं ते तिच्याकडून कळतं.

तुमचं पत्र इंग्रजीत आहे, पण हरकत नाही. तुम्ही गेल्यावर मी मॅट्रिकला बसले आणि एकसष्ट साली टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले. गेल्या वर्षी रिटायर झाले. लासलगावच्या कांदेवाल्यांना दिल्ली जोडून दे, सातपूरच्या साहेबांना जर्मनी जोडून दे, यात जन्म गेला. माणसाचं तोंड विसरेन, आवाज विसरत नाही.

तुम्ही लिहिता की तिकडची एक कंपनी तुमच्या आयुष्यावर फिल्म काढते आहे. साठेक सिनेमे झाले, मानाचं बक्षीस मिळालं, तिकडच्या दोन बायका झाल्या आणि गेल्या, आता हृदयाची झडप नीट चालत नाही. फिल्मचा शेवट नाशकात व्हावा, आपल्या माणसांत, आणि उद्या काही बरंवाईट झालं तर जयरामच्या हातून अग्नी मिळावा, एवढीच इच्छा उरली आहे. पुढं लिहिता की मी जिवंत असल्याचं तुम्हाला गेल्याच महिन्यात कळलं, त्या कंपनीचा माणूस इकडं चौकशीला येऊन गेला तेव्हा. मोठ्या भावोजींनी एकोणसाठ साली तुम्हाला कळवलं होतं म्हणे, की कुसुम विषमज्वरानं गेली. असेल. भावोजी आता नाहीत, त्यांना विचारता येत नाही.

'माझ्यामागं काय झालं ते सगळं लिही' म्हणता. लिहिते.

सत्तावन्न साली त्र्यंबकच्या बाजूला परदेशी सिनेमावाले आले होते आणि त्यांना मंत्र म्हणणारा भटजी हवा होता. तुम्ही तीन दिवसांसाठी म्हणून गेलात. तुमचं सोवळं दोरीवर वाळत होतं. मग मुंबईहून पत्र आलं, मग अमेरिकेहून दोन आली, आणि अठ्ठावन्नच्या पावसाळ्यानंतर काहीच नाही.

बारा वर्षं ज्याची खबर नाही त्याचं काय करायचं, हे आपल्यासारख्या घरात कुणाला विचारावं लागत नाही. सत्तर सालच्या वैशाखात भावोजींनी पळसाच्या पानांचं माणूस केलं. देठ मोजून हात केले, पाय केले, छाती केली, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, आणि गंगेवर नेऊन त्याला अग्नी दिला. तो माझा नवरा. मी तेहतीस वर्षांची होते. कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, मंगळसूत्र भावोजींनी कपाटात ठेवलं. पानं ओली होती, धूर फार झाला. डोळ्यांतून पाणी आलं ते धुराचं होतं, पण बायकांनी माझी पाठ थोपटली.

त्यानंतर चार वर्षांनी एक्स्चेंजमधल्या मुलींनी मला मेन रोडवरच्या टॉकीजमध्ये ओढून नेलं. रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमा असे. कुठल्याशा बेटावरची रानटी माणसं, आणि त्यांचा पुजारी. तोंडाला निळा रंग, गळ्यात हाडं, हातात सुरा. दगडावर एक गोरी बाई बांधलेली. मी पुजाऱ्याला ओळखलं नाही, त्या रंगात कुणाच्या आईनं ओळखलं नसतं. मग त्यानं सुरा वर धरला आणि मंत्र सुरू केला.

ऐसे हे कुसुमार्पिले निजकरें यज्ञेश्वरा आदरें.

आणि शेवटी, भिंती हलतील अशा आवाजात, 'शुभमंगल सावधान'.

थेटर हसून कोसळलं. रानटी माणूस बाई कापताना मंगलाष्टक म्हणतो, याहून मोठी गंमत नाशिककरांनी पाहिली नव्हती. शिट्ट्या काय, टाळ्या काय. माझ्या शेजारची मुलगी हसून हसून रडत होती. ते मंगलाष्टक मामंजींनी आपल्या लग्नासाठी स्वतः रचलं होतं, आपल्या दोघांची नावं त्यात गुंफून. मामंजी वारल्यावर ते जगात दोघांनाच पाठ होतं, तुम्हाला आणि मला.

तेजश्री सांगते की तोच तुमचा सगळ्यात गाजलेला सीन. त्याआधी तुम्ही गारुडी झालात, अरब झालात, रेड इंडियन झालात, चिनी आचारी झालात, आणि दर वेळी मध्यंतराच्या आत मेलात. त्या सिनेमापासून मात्र लोक तुमच्याकडं मंत्रच मागायला लागले. पुढच्या सगळ्या सिनेमांत तोच मंत्र. तिकडची पोरं भुतांच्या सणाला तोंड रंगवून अजून तो ओरडत दारोदार फिरतात म्हणे. माझं लग्न ओरडत फिरतात.

घरी येऊन मी भावोजींना म्हटलं, "ते जिवंत आहेत."

"दहन झालेला माणूस जिवंत नसतो, कुसुम. कुणीतरी त्याच्यासारखा दिसत असेल."

"दिसले नाहीत. ऐकू आले."

भावोजींनी पानाला चुना लावला. मग म्हणाले, "पाराशऱ्यांनी जित्या भावाला जाळलं हे उद्या यजमानांना कळलं, तर पिंडाला आपल्याकडं कोण येईल? तू कुणाला बोलणार नाहीस."

नाही बोलले. आज बावीस वर्षं झाली. तुमचा नवा सिनेमा लागला की मुली मला सांगायच्या, कुसुमताई, तुमच्या आवडीचा नट आलाय. मग तुम्ही पडद्यावर मरायचात आणि मी खाली विधवा म्हणून बसलेली असायची.

तेव्हा या. जयराम मात्र म्हणतो की जाळलेला माणूस परत आला तर त्याला नुसतं घरात घेता येत नाही, त्याला पुन्हा जन्म घ्यावा लागतो. तुपात बुडवून काढायचं, मग जातकर्म, बारसं, उष्टावण, जावळ, मुंज, सगळं पहिल्यापासून. शेवटी लग्न, तेही पहिल्याच बायकोशी. ते झाल्याशिवाय तुम्ही पाराशरे नाही, आणि जयरामचा अग्नीही तुमचा नाही.

त्यानं मला विचारलं. मी हो म्हटलं आहे.

कळावे,
कुसुम


पंचवटी, नाशिक
ता. २० जानेवारी १९९७

सा. न. वि. वि.

मायना अजून सुचलेला नाही.

तुमचं पत्र आणि तारीख दोन्ही पोहोचली. तुमच्या डायरेक्टरला हे विधी इतके पसंत पडले हे वाचून बरं वाटलं. त्यांना सांगा, काही म्हणजे काही गाळणार नाही. जयराम घाईचा माणूस आहे, पण मी त्याच्या मागं उभी आहे.

तयारी कळवते. तुपासाठी तुम्ही मावाल एवढं भांडं आमच्याकडं नव्हतं. पिंपळगाव बसवंतचे आमचे यजमान मोतीराम यांनी बेदाणे बुडवायची टाकी द्यायचं कबूल केलं आहे. ते विचारत होते, पाहुणे किती उंच? मी म्हटलं, पडद्यावर फार उंच दिसतात, प्रत्यक्षात आपल्या जयरामएवढेच. तुपात लंगोटीवर बसावं लागेल. थंडी ओसरली असेल, पण तूप कोमट करून घेऊ. तुमच्या हृदयाची काळजी आहेच.

तुमची आई कोण होणार हा प्रश्न होता. सासूबाई नाहीत, तेव्हा जयरामची बायको आईच्या जागी बसेल. ती तुमच्याहून सव्वीस-सत्तावीस वर्षांनी लहान आहे, पण तिची ना नाही. जन्मल्याबरोबर मध चाटवेल, मुंजीत मातृभोजनाला मांडीशी घेऊन भरवेल. फक्त दाढी काढून या म्हणाली. तुम्ही तिला आई म्हणायचं. नव्या मुंजा मुलाला भिक्षावळीसाठी दारोदार जावं लागतं, ते गल्लीतल्याच घरी फिरवू. झोळी मी शिवते आहे.

कान टोचायला सोनार घरी येईल.

गल्लीत तर सण सुरू झालाय. ज्या बायकांनी सत्तावीस वर्षांत मला कधी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, त्या आता येऊन विचारतात, कुसुमताई, चुडा हिरवाच ना? एकीनं कालच माझी ओटी भरायला घेतली होती, मग तिला आठवलं आणि खण परत घडी करून पिशवीत घातला. मला हसू आलं. अजून दोन महिने आहेत.

लग्न गंगापूर रोडच्या कार्यालयात ठरलं आहे, गोरज मुहूर्तावर. त्याबद्दल माझ्या दोन विनंत्या आहेत, तेवढ्या तुमच्या डायरेक्टरच्या कानावर घाला.

एक म्हणजे कॅमेरा अंतरपाटाच्या तुमच्या बाजूला असू द्या. मला सवय नाही, माझी धांदल उडेल. आणि अंतरपाट खाली आल्यावर पलीकडे पाहून तुमच्या चेहऱ्यावर काय उमटतं, लोकांना तेच बघायचं असणार. माझ्या तोंडाचं कुणाला पडलंय?

दुसरं, मामंजींचं मंगलाष्टक तुम्ही स्वतः म्हणा. नवरदेव एरवी म्हणत नाही हे मला ठाऊक आहे. पण ते तुमच्याइतक्या वेळा कुणी म्हटलेलं नाही, आणि ते त्याच्या जागी एकदा तरी म्हटलं जावं असं मला वाटतं. शेवटचं 'सावधान' टॉकीजमध्ये म्हटलंत तसंच म्हणा.

तुम्ही विचारता, मला राग नाही ना आला. या वयात राग धरून काय करायचं? तुम्ही याल तेव्हा मी दारात तांब्या घेऊन उभी असेन.

औषधं वेळेवर घ्या.

कुसुम


पंचवटी, नाशिक
ता. १४ मार्च १९९७

चि. यज्ञेश्वर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

मायना सुचला. तुमचं बारसं होऊन आज सहा दिवस झाले, मुंज परवा झाली. साठी उलटलेल्या बाईनं एवढ्याशा मुलाला याहून काय लिहायचं? तरी 'तू' म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून पुढं तुम्हीच म्हणते.

अंतरपाट खाली आला ना? दचकू नका. पाटावर जी बसली आहे ती मीच. हात पळसाच्या देठांचे, पाय पळसाच्या देठांचे, डोक्याला नारळ. शालू तिला नेसवलाय, चुडा भरलाय, मुंडावळ्या बांधल्यात. भावोजींनी तुम्हाला केलं होतं तस्संच केलंय, मी कडेला बसून सगळं पाहिलं होतं. पानं बुधवारच्या बाजारातून आणली, पेठकडची तानुबाई पत्रावळींसाठी विकायला बसते तिच्याकडून. म्हणाली, "लय पानं घेतली माय, कोनाचं लगीन हाय का?" म्हटलं, हाय. हे पत्र पाटावरच्या बाईच्याच हातात खोचलं आहे, म्हणजे तुम्ही तिच्यापर्यंत चालत आला असाल. कॅमेरा तुमच्या तोंडावर असेल. असू द्या.

आता काय झालं ते ऐका.

जयराम मला दिवाळीतच म्हणाला होता, "काकू, म्हातारा माणूस आहे, आजारी आहे. तुपाचं बोट लावून, संकल्प सोडून सगळं अर्ध्या तासात उरकता येतं, शास्त्राला चालतं." मी म्हटलं, "मला विधवा करायला तुझ्या वडिलांनी अख्खा दिवस घेतला, हा जन्मसुद्धा सावकाश होऊ दे." तेव्हा बेदाण्याच्या टाकीत तुम्ही कुडकुडत बसलात, सोनारानं तुमचे कान टोचले, सून आई होऊन तुम्हाला मध चाटवत होती आणि गल्लीतल्या पोरी तोंडात पदर कोंबून हसत होत्या, ते शास्त्रासाठी नव्हतं. ते माझ्यासाठी होतं. मी मागच्या खांबाशी उभी राहून डोळे भरून पाहिलं.

पण खरं सांगायचं तर माझं सगळं ठरलेलं नव्हतं. पानं आणली तेव्हाही नव्हतं. पाळण्यात नाव ठेवताना जयरामच्या बायकोनं तुमच्या कानात 'यज्ञेश्वर' म्हटलं आणि तुम्ही रडलात. अगदी ओठ मुडपून, लहान मूल रडतं तसे. सगळ्या बायका रडल्या, मोतीराम रडले. मलाही वाटलं, जाऊ दे कुसुम, थकलेलं माणूस आहे, किती दिवस राहिलेत त्याचे. मी पुढं यायला निघाले होते. तेवढ्यात तुमचा डायरेक्टर काहीतरी बोलला, उजेड कमी पडला म्हणाला. तुम्ही नाक पुसलंत, पाणी प्यायलात, दिवा हलवून झाला, आणि तुम्ही पुन्हा रडलात. तसेच ओठ मुडपून. तशाच हुंदक्यानं. पाणीसुद्धा आधी डाव्याच डोळ्यातून आलं.

मी परत खांबाशी गेले.

तरीही काल दुपारी मी तुमच्यासमोर येऊन बसले. तुम्हाला वाटलं असेल, बायको चार गोष्टी बोलायला आली. मी एकच विचारलं, "मी गेल्याचं तुम्हाला नक्की कुणी कळवलं?" तुम्ही माझा हात धरलात. म्हणालात, "दादाचं पत्र आलं गं. तीन दिवस अन्न गेलं नाही घशाखाली. नंतर कधी तुझं नावही कानावर आलं नाही, नाहीतर मी पळत आलो नसतो का?"

एवढं एक वाक्य तुम्ही खरं बोलला असता, तर आत्ता पाटावर मी असते. माझ्या मनात तेवढंच उरलं होतं. चूक झाली म्हणाला असता, घाबरलो म्हणाला असता, तिकडची बाई शेजारी होती म्हणाला असता, तरी चाललं असतं.

कारण मला ठाऊक आहे.

पहिल्या पत्रात मी तुम्हाला सिनेमापर्यंत लिहिलं, पुढचं नाही लिहिलं. तो सिनेमा पाहून दोन महिने झाले आणि मी अमेरिकेचा कॉल बुक केला. पर्सनल कॉल. त्यात ऑपरेटर समोरच्याला आधी सांगते, अमुक ठिकाणाहून अमुक माणसाचा कॉल आहे, आणि तो हो म्हणाला तरच जोडते. तुम्हाला हे माहीत असणार. तुम्हाला हे माहीत नव्हतं की नाशिकच्या बोर्डावर कानाला यंत्र लावून मीच बसले आहे. तिकडच्या ऑपरेटरला सिनेमाच्या पाटीवर वाचलेलं नुसतं 'जॅक पॅरिश' हे नाव सांगितलं तर तिनं हसत तुमचा नंबर काढून दिला. मोठं नाव होतं. पाराशऱ्याचं पॅरिश झालेलं मी तेव्हाच पहिल्यांदा मोठ्यानं ऐकलं.

तुम्ही फोन घेतलात. मागं गाणी लागली होती, कुणी बाई मोठ्यानं हसत होती. मुंबईच्या ऑपरेटरनं तुम्हाला स्वच्छ सांगितलं, "इंडियाहून कॉल आहे, नाशिकहून. तुमच्या पत्नी, मिसेस कुसुम पाराशरे."

मी श्वास धरून बसले होते, कारण लाइनवर श्वाससुद्धा ऐकू जातो. मग तुम्ही बोललात. इंग्रजीत, पण आवाज मंगलाष्टकाचाच.

"माझी पत्नी वारली. फार वर्षं झाली. हा कॉल मला पुन्हा देऊ नका."

मुंबईची मला म्हणाली, "नाशिक, पार्टी म्हणते वाइफ इज डेड. कॅन्सल करू का?"

मी म्हटलं, "करा."

त्यापाठोपाठ चांदवडचा एक व्यापारी लाइनवर होता, त्याला कानपूर हवं होतं. ते मी जोडून दिलं.

भावोजींनी तुम्हाला जाळलं ते बारा वर्षं वाट पाहून आणि खरं न कळून. तुम्ही मला मारलंत ते नाव, गाव ऐकून, नीट ओळखून. भावोजींवरही माझा राग होता, तो त्यांच्याबरोबर गेला. आता त्यांच्या नावावर तुम्ही ते खोटं पत्र घालता, मेलेला माणूस उठून बोलत नाही म्हणून. तुमचा हाच हिशेब माझ्याबाबतीतही होता. फक्त मी एक्स्चेंजमध्ये होते.

आता तुमची सोय सांगते. जयरामला मी आज सकाळी सगळं सांगितलं, फोनसकट. त्यानं जानव्याची गाठ चाचपली. मग म्हणाला, "लग्नाशिवाय विधी पुरा होत नाही, काकू. ते मुंज झालेले ब्रह्मचारीच राहतील. माझ्या हातून त्यांना काही मिळायचं नाही." मी विचारलं, "शास्त्रात यावर काही तोड?" तो म्हणाला, आहे. पहिली बायको हयात नसेल तर दुसरी करावी. तेव्हा अडचण काहीच नाही. मी हयात नाही हे तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं आहे. सहासष्टाव्या वर्षी, मुंडण केलेल्या डोक्यानं आणि टोचलेल्या कानांनी दुसरी शोधा. पाटावरची चालत असेल तर तिच्याशी लावा. पळसाच्या नवऱ्याला पळसाची बायको शोभून दिसेल.

गल्लीतल्या बायकांनाही सांगितलं. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, कुणी तुमच्याकडं धावत जाईल. पण सगळ्या आपापल्या बांगड्यांकडं बघत बसल्या. मग जयरामची बायको उठली आणि म्हणाली, "काकू, नारळ मी निवडते." ओटीचा खण परत पिशवीत घातला होता ना, ती बाई आली आणि तिनं पळसाच्या बाईची ओटी भरली. अंतरपाटाच्या या बाजूला आत्ता त्याच उभ्या आहेत. त्यांच्या तोंडांकडं एकदा नीट बघा. तुम्ही इतक्या वेळा मेलात पण एवढे मन लावून बघणारे प्रेक्षक तुम्हाला कधी मिळाले नसतील.

मी निघाले. चांदवडला एक्स्चेंजमधली मैत्रीण असते, तिच्याकडं चार दिवस राहीन. तुमचं विमान गेलं की तेजश्री कळवेल. नेहमीचंच पातळ नेसले आहे आणि पाचची एसटी आहे, तेव्हा तुमचं 'सावधान' मला ऐकू येणार नाही. मी ते पुरेसं ऐकलं आहे.

एक उपकार मात्र मान्य करते. भावोजींनी मला विधवा केलं, पण तुम्ही मला तुमच्या हयातीत मारलंत, म्हणजे मी अहेव गेले, नवऱ्याआधी, सवाष्णपणी. बायका यासाठी जन्मभर उपास करतात, मला ते एका फोनवर मिळालं. म्हणून आज निघताना कुंकू लावलं आहे, चांगलं रुपयाएवढं. सत्तावीस वर्षांनी कपाळाला हात लावला तर जागा सापडेना, मग तेजश्रीनं आरसा धरला.

बायका म्हणाल्या, जाता जाता नाव तरी घ्या. लग्नघर आहे, नाही कसं म्हणू? घेतलं. तुमच्या फिल्मला उपयोगी पडलं तर घाला:

पळसाच्या पानांत जळले, तुपात न्हाऊन परत आले,
यज्ञेश्वररावांच्या एका शब्दावर मी अहेव गेले.

आपण सांगितल्याप्रमाणे,
कै. सौ. कुसुम यज्ञेश्वर पाराशरे